वय झालं, दुसरं काय!

मागच्या दिवाळीत आम्ही भावंडांनी मिळून आई-बाबांना एक भेट दिली. साडी नको, स्वेटर नको, मोबाईल तर आहे तोच धड वापरत नाहीत. म्हणून मग ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या ‘संपूर्ण तपासणी’चं पॅकेज. एकूण ७१ चाचण्या, वर नाश्ता फुकट. सकाळी उपाशीपोटी जायचं, रक्त द्यायचं, ईसीजी, एक्स-रे, सोनोग्राफी, मग उपमा, मग दोन तासांनी पुन्हा रक्त. बाबांनी घरी आल्यावर ‘उपम्यात मीठ कमी होतं’ एवढा एकच शेरा दिला.

चार दिवसांनी दोघांच्या जाडजूड फायली आल्या. मी आईची फाईल चाळली. एकही आकडा ठळक अक्षरात नव्हता. तिसऱ्या पानानंतर कंटाळलो आणि पुण्याला ताईला फोन लावला. आईचं सगळं नॉर्मल आहे, बाबांच्या लिव्हरवर एक ठिपका दिसतोय, बघू.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पहाटे चारला आई बाथरूमला जायला उठली आणि दारातच पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

प्लॅस्टर झाल्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. हे गल्लीच्या तोंडावरचे डॉक्टर, गेली तीस वर्षं आम्हाला ओळखतात. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाले, “काकू, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या सगळ्या घेऊन या.” आईच्या गोळ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. मी घरी जाऊन तो डबा आणला, त्यांनी तो टेबलावर उपडा केला आणि पत्त्यांचा डाव लावावा तशा पट्ट्या मांडल्या. त्यात बीपीची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी होती. एक आधीपासून चालू होती, दुसरी हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. आई दोन्ही न चुकता घेत होती. मग त्यांनी तिला पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घेतलं, उभं केलं आणि पुन्हा घेतलं. वरचा आकडा तीसहून जास्त खाली आला होता. पॅकेजमध्येही बीपी घेतलं होतंच, पण खुर्चीवर बसवून. तिथे ते छान होतं.

“याआधी कधी पडला होतात का, काकू?” डॉक्टरांनी विचारलं.

आईने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “गणपतीत एकदा, गॅलरीत. पण लागलं नव्हतं काही.”

“मग सांगितलं नाहीत?”

“त्यात काय सांगायचं? वय झालं, दुसरं काय!”

७१ चाचण्यांत हा एक प्रश्न नव्हता. आणि खरं सांगायचं तर पॅकेजवाल्यांना कशाला बोल लावू, रोज तिच्या हातचा चहा पिणाऱ्या मीही तो कधी विचारला नव्हता.

तर आईच्या हाताला प्लॅस्टर लागलं आणि मला वाचनाचा नाद लागला. काहीही दुखत नसताना डॉक्टरकडे जायचं, ही कल्पना मुळात कुणाची? आमच्या आजोबांच्या पिढीत कुणी असं गेल्याचं ऐकिवात नाही. डॉक्टर घरी यायचे ते कुणीतरी अंथरूण धरल्यावरच. शोधत गेलो तेव्हा दिसलं की या तपासणीचा इतिहास दोन वेगळ्या वाटांनी आलेला आहे. एक वाट विमा कंपनीच्या दारातून येते, दुसरी गरिबांच्या अनाथालयातून. आपल्या हातात येणारी फाईल पहिल्या वाटेने आली आहे. आमच्या डॉक्टरांनी श्रीखंडाचा डबा उपडा केला, ती दुसरी वाट.

पहिली वाट आधी बघू. लंडनमध्ये होरेस डोबेल नावाचे डॉक्टर होते, छातीच्या रोगांच्या रुग्णालयात काम करायचे. १८६१ साली त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. त्यांचं म्हणणं असं की रोग दिसू लागतो त्याच्या बऱ्याच आधी शरीरात बिघाड सुरू झालेला असतो आणि तो माणसाला स्वतःला कळत नाही. म्हणून धडधाकट माणसानेही ठराविक काळाने तपासून घ्यावं. विचार उत्तम, पण तेव्हा डॉक्टरांच्या हाताशी साधनं फार थोडी. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीच्या रिवा-रोच्चींनी केलं ते १८९६ मध्ये, आणि स्टेथोस्कोप लावून वरचा-खालचा आकडा ऐकायची रीत रशियाच्या कोरोत्कोव्हनी सांगितली ती १९०५ मध्ये. डोबेलसाहेबांची कल्पना पन्नासेक वर्षं काळाच्या पुढे होती म्हणायची.

ती उचलली विमावाल्यांनी. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये ‘लाइफ एक्स्टेन्शन इन्स्टिट्यूट’ नावाची संस्था निघाली. आयुष्य वाढवून देणारी संस्था! अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट तिच्या मंडळाचे अध्यक्ष होते, अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर आणि डॉक्टर युजीन फिस्क हे तिचे मुख्य चालक. पुढच्या वर्षीपासून मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या पॉलिसीधारकांना तिथली तपासणी फुकट द्यायला सुरुवात केली. हिशेब सरळ होता. माणूस जितकी वर्षं जास्त जगेल तितके हप्ते जास्त, आणि पैसे द्यायची वेळ तितकी लांब. १९२२ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेनेही नियमित तपासणीला पाठिंबा दिला आणि दरवर्षी डॉक्टरकडे जाणं हे तिकडच्या मध्यमवर्गात शहाणपणाचं लक्षण होऊन बसलं.

तपासणी करून घेणारे जास्त जगतात, असे आकडेही कंपनीच्या लोकांनी मांडले. पण त्यात एक गोम होती. स्वतःहून तपासणीला जाणारा माणूस मुळातच जपून राहणारा असतो. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांच्या हातात काठी असते म्हणून काठीने आयुष्य वाढतं म्हणण्यासारखंच ते.

पॅकेजची कल्पना मात्र खऱ्या अर्थाने रुजली जपानमध्ये. १९५४ साली टोकियोच्या एका सरकारी रुग्णालयात ‘निंगेन डॉक’ सुरू झालं. निंगेन म्हणजे माणूस, आणि डॉक म्हणजे चक्क आपल्या माझगावला आहे तशी गोदी. लांबचा प्रवास करून आलेलं जहाज जसं गोदीत घेऊन तळापासून तपासतात, तसं माणसाला काही दिवस रुग्णालयात ठेवून सगळं तपासायचं. आपल्याकडच्या चकचकीत पॅकेजांचा चेहरामोहरा बघितला की हे जपानी नाव मला फार योग्य वाटतं.

आता प्रश्न असा की याने खरंच फायदा होतो का? साठ-सत्तरच्या दशकात लंडनच्या आग्नेय भागात ४० ते ६४ वयाच्या सुमारे ७ हजार लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला तपासणीला बोलावलं, दुसऱ्याला नाही. १९७७ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूंमध्ये, आजारपणात, कामावरच्या रजांमध्ये म्हणावा असा फरक नव्हता. २०१९ मध्ये अशाच १७ अभ्यासांचा, म्हणजे अडीच लाख लोकांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्याचंही उत्तर तेच. सरसकट तपासण्यांनी आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही.

लगेच “बघा, आम्ही म्हणतच होतो” असं म्हणणाऱ्या काकालोकांसाठी दोन खुलासे. एक, हे अभ्यास बहुतेक मध्यमवयीन लोकांचे होते. फक्त ६५ च्या पुढच्यांवर केलेले अभ्यास त्या आढाव्यात धरलेच नव्हते. आणि दोन, बीपी, साखर, ठराविक वयात ठराविक कर्करोगांची तपासणी यांचा उपयोग वेगळा सिद्ध झालेला आहे, तो कुणी नाकारत नाही. नाकारलं आहे ते ‘जितक्या चाचण्या जास्त तितकं बरं’ हे गणित. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यातलं तत्त्व अगदी आजीच्या शहाणपणासारखं आहे. जे शोधणार आहात ते सापडल्यावर करायला काही उपाय आहे का, हे आधी बघा आणि मग शोधायला निघा.

आमच्या बाबांच्या लिव्हरवरचा ठिपका त्याच जातीचा निघाला. दुसरी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन, मग तज्ज्ञांची भेट. दोन महिने घरात कुणी मोठ्याने हसलं नाही. शेवटी कळलं की तो निरुपद्रवी आहे, बहुधा कित्येक वर्षं तिथेच बसून होता. बाबा म्हणाले, “तो मला त्रास देत नव्हता, मी त्याला देत नव्हतो. तुम्हीच मध्ये पडलात.”

आता दुसरी वाट. इग्नाट्झ नाशर हे व्हिएन्नात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर झालेले गृहस्थ. त्यांची एक गोष्ट सांगतात. शिकत असताना शिक्षकांबरोबर गरिबांच्या अनाथालयात गेले होते. एक म्हातारी आपलं दुखणं सांगत लंगडत पुढे आली. नाशरनी शिक्षकांना विचारलं, हिला काय झालंय? वय झालंय, शिक्षक म्हणाले. मग त्यावर करायचं काय? काही नाही. हे ‘काही नाही’ नाशरना डाचत राहिलं. लहान मुलांच्या आजारांचं शास्त्र वेगळं असू शकतं तर म्हाताऱ्यांचं का नको, असं म्हणून १९०९ मध्ये त्यांनी ‘जेरिअ‍ॅट्रिक्स’ हा शब्द घडवला.

शब्द झाला, पण काम व्हायला आणखी पाव शतक गेलं. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाने शेजारच्या गरिबांच्या दवाखान्याचा ताबा घेतला आणि तिथले ७१४ रुग्ण डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे सोपवले. त्यात बरेच म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले. वॉरनबाईंनी एकेकाला नीट तपासलं. खिळलेल्यांपैकी कितीतरी जण खिळायचं कारणच नव्हतं. कुणी एकदा आजारी पडलं, झोपवलं, आणि पुन्हा उठवलंच नाही इतकंच. बाईंनी त्यांना उठवलं, चालवलं, भिंतींना रंग दिला, उजेड आणला. अनेक जण चक्क घरी गेले.

पण ज्याच्यावरून मला आईची आठवण झाली तो अभ्यास एडिंबरोचा. तोवर ब्रिटनमध्ये १९४८ पासून डॉक्टर फुकट झाले होते. पैसे नाहीत म्हणून दाखवलं नाही, हे कारण उरलं नव्हतं. तरीही म्हाताऱ्या माणसांचे आजार उशिराच का कळतात, हे डॉ. जेम्स विल्यमसन आणि सहकाऱ्यांना बघायचं होतं. त्यांनी तीन फॅमिली डॉक्टरांच्या यादीतली ६५ च्या पुढची २०० माणसं निवडून तपासली आणि १९६४ मध्ये निष्कर्ष छापले. एकेकाला सरासरी तीनहून जास्त तक्रारी होत्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक त्यांच्या डॉक्टरांना ठाऊकच नव्हत्या. हृदय, छाती यांचे आजार डॉक्टरांना बहुतेक माहीत होते. माहीत नव्हतं ते गुडघे, पाय, लघवीचा त्रास, रक्त कमी असणं, मनाची उदासी, विसरभोळेपणा. म्हणजे जे बोलायला संकोच वाटतो, किंवा जे या वयात व्हायचंच असं माणसाने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं, ते सगळं. एडिंबरोच्या आजीबाई आणि ठाण्याची माझी आई, दोघींचं उत्तर एकच. वय झालं, दुसरं काय!

या अभ्यासानंतर तपासणीचा अर्थ हळूहळू बदलला. १९९० मध्ये ब्रिटनने फॅमिली डॉक्टरांवर बंधन घातलं की ७५ च्या पुढच्या प्रत्येकाला वर्षातून एकदा तपासणी देऊ करायची. यादी बघण्यासारखी आहे : डोळे-कान, चालणं-फिरणं, मन आणि स्मरण, लघवीवर ताबा, घरची परिस्थिती, आणि चालू असलेली औषधं. रक्ताच्या पन्नास चाचण्या कुठेच नाहीत.

मग झालं का सगळं छान? नाही. १०६ दवाखान्यांतल्या ४३ हजार म्हाताऱ्या माणसांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २००४ मध्ये आले. सगळ्यांची सविस्तर तपासणी करा किंवा थोडक्यात विचारून फक्त गरजूंची करा, फारसा फरक पडत नव्हता. त्याच वर्षीच्या नव्या करारात वार्षिक तपासणीचं ते बंधन गेलं. यादी भरली, कागद फाईलला लागला, आणि पुढे काही झालं नाही, तर प्रश्न विचारूनही उपयोग कमीच.

डेन्मार्कने हेच वेगळ्या तऱ्हेने केलं. कोपनहेगनजवळच्या रोडोव्हर गावात ७५ च्या पुढच्या सुमारे ६०० लोकांपैकी निम्म्यांच्या घरी दर तीन महिन्यांनी कुणीतरी जायचं, सलग तीन वर्षं. बसायचं, विचारायचं, काय हवंनको बघायचं, आणि लागेल ती मदत जोडून द्यायची. १९८४ मध्ये निकाल छापले. ज्यांच्याकडे भेटी झाल्या ते रुग्णालयात कमी भरती झाले, वृद्धाश्रमातही कमी गेले. १९९८ पासून डेन्मार्कच्या नगरपालिकांना ७५ च्या पुढच्यांना अशा घरभेटी देऊ करणं कायद्याने बंधनकारक झालं. वयाची अट नंतर बदलली. पुढे इतर देशांत हे करून बघितलं तेव्हा सगळीकडे असं यश आलं नाही, हेही खरं. पण रोडोव्हरमध्ये जाणारा माणूस पुन्हा येणार होता, हा फरक मला मोठा वाटतो.

न्यू जर्सीच्या मावशीसाठी खास : तुमच्या मेडिकेअरच्या १९६५ च्या मूळ कायद्यात नेहमीच्या तपासण्यांचे पैसे मिळणार नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं होतं. २०११ पासून वार्षिक ‘वेलनेस’ भेट फुकट झाली. मावशी गेल्या वर्षी तक्रार करत होती की डॉक्टरने स्टेथोस्कोपसुद्धा लावला नाही, नुसते प्रश्न विचारले, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि घड्याळ काढायला लावलं. मावशी, ती फसवणूक नव्हती. ती भेट मुळात त्यासाठीच आहे! शब्द आणि घड्याळ स्मरणासाठी, ‘पडलात का’ हा तोल बघायला, औषधांची यादी घोटाळे शोधायला. छाती-पोट तपासायची भेट वेगळी.

आपल्याकडे ही दुसरी वाट आणली मद्रासच्या डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी. ब्रिटनमध्ये हे शास्त्र शिकून आल्यावर १९७८ मध्ये त्यांनी तिथल्या सरकारी रुग्णालयात वृद्धांसाठी देशातला पहिला बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तो २०१० मध्ये. २०१२ च्या अर्थसंकल्पाने तर प्रतिबंधक तपासणीच्या ५ हजारांपर्यंतच्या खर्चावर आयकरात वजावट दिली. मार्च आला की पॅकेजच्या जाहिराती का वाढतात, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. पहिली वाट आपल्याकडे रुंद झाली, दुसरी अजून पायवाटच आहे.

मग आता आम्ही काय करतो? पॅकेज बंद. डॉक्टर सांगतील तेवढं रक्त, बीपी बसून आणि उभं राहूनही, वर्षातून एकदा डोळे, कान, दात. वर्षातून दोनदा श्रीखंडाचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर. (गोळी आपली आपण बंद करायची नाही, हे आईला तीनदा आणि बाबांना दहादा सांगितलंय.) लशींबद्दल विचारायचं. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतं का, तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो, ते घरीच बघायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांच्या कानावर घालायचं. बाबांनी याचीही शर्यत केली आणि दहा सेकंदांत येऊन ‘उपमा कुठाय?’ म्हणाले.

आणि दर महिन्याला मी आईशेजारी बसून विचारतो. पडलीस का? चक्कर येते का? झोप लागते का? लघवी आवरते का? उदास वाटतं का? पहिल्यांदा ती लाजली, दुसऱ्यांदा चिडली. तिसऱ्यांदा म्हणाली, “टीव्हीचा आवाज बाबा मोठा करत नाहीत रे, मीच करते. मला ऐकू कमी येतं.” किती दिवसांपासून? “झाली असतील दोन-तीन वर्षं.”

पुढच्या सोमवारी कान दाखवायला जायचंय. मे महिन्यात लग्नाला सगळे जमणार आहोत, तेव्हा आपापल्या घरच्या ज्येष्ठांना हे एकदा विचाराच. एक सूचना : पहिल्यांदा “काही नाही रे, वय झालं” असंच उत्तर येईल. तिथे थांबू नका, पुन्हा विचारा.